टॉवरचं अर्थिंग १.४ ओहम, तरी दर वादळात यंत्रं जळतात. आणखी खड्डे घ्यावेत का?

रिपीटर_राखणारा

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे. तपशिलाशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही, म्हणून सगळंच लिहितो.

टेकडीवर आमचा ४० मीटरचा लॅटिस टॉवर आहे, चार पायांचा, गॅल्व्हनाइज्ड. टोकाला व्हीएचएफचा अँटेना आणि विमानांसाठीचा लाल दिवा, ३२ मीटरवर खालच्या लिंकचा ५ गिगाहर्ट्झचा पीओई रेडिओ (नेटवर्कच्या तारेतूनच पुरवठा घेणारा). टॉवरपासून सहा मीटरवर शेल्टर. आत रिपीटर (आलेला आवाज पकडून पुन्हा जोरात पाठवणारा संच), त्याचा कंट्रोलर, नेटवर्क स्विच, चार्जर आणि बॅटऱ्या. डोंगरात अडकलेल्यांना शोधायला जाणारे स्वयंसेवक याच रिपीटरवर एकमेकांशी बोलतात. वादळ आलं की माणसं अडकतात आणि त्याच वादळात रिपीटर बंद पडतो. मागच्या वेळी दोन तुकड्यांना चार तास एकमेकींचा आवाज मिळत नव्हता. सगळे सुखरूप परतले, पण ते चार तास मी शेल्टरमध्ये जळका स्विच हातात घेऊन उभा होतो, ते डोक्यातून जात नाही.

तीन हंगामांत तीनदा हे झालं. पहिल्या वेळी नेटवर्क स्विच आणि कंट्रोलरचं इथरनेट पोर्ट गेलं. दुसऱ्या वेळी स्विच आणि चार्जर. तिसऱ्या वेळी कंट्रोलर, पीओई इंजेक्टर, आणि डीबीमधला (मेन्सच्या वितरण पेटीतला) एक ब्रेकर काळा पडला. मला कोडं पडलंय ते पुढचं: रिपीटरच्या रिसीव्हरला एकदाही काही झालं नाही. अँटेनाच्या फीडरवरचा (अँटेनापासून रिपीटरपर्यंतच्या केबलवरचा) गॅस ट्यूबचा अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका अर्थला वळवणारा रक्षक, तिन्ही वेळा ठणठणीत निघाला.

अर्थिंग असं आहे. टॉवरच्या एका पायाला पट्टी आणि खड्डा, मोजलं तर १.४ ओहम. शेल्टरच्या मागे, टॉवरपासून १५ मीटरवर, फक्त रॅकसाठी वेगळं 'क्लीन अर्थ', २.१ ओहम. मेन्सचं अर्थिंग डीबीपाशी तिसरं. काम करणाऱ्या कंत्राटदाराचं म्हणणं की क्लीन अर्थ १ ओहमच्या खाली आणल्याशिवाय हे थांबणार नाही, केमिकल अर्थिंगचे आणखी दोन खड्डे घ्या. वर्गणीतून जमलेले पैसे आहेत. ते मातीत घालण्याआधी विचारतो आहे: खणू का?

ओहम_वाचक

खणायला हरकत नाही. फक्त मोजमाप कोरड्या दिवसांत घ्या, ओल्या जमिनीचा आकडा फसवतो. मीठ-कोळसा टाळा, मिठाने रॉड खाल्ला जातो, बेंटोनाइट वापरा. दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या निदान दुप्पट ठेवा. ३ मीटरचा रॉड असेल तर ६ मीटर, नाहीतर दुसऱ्या रॉडचा पुरता उपयोग होत नाही.

आणि क्लीन अर्थ टॉवरपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. टॉवरवरची वीज तिथवर पोचता कामा नये.

जुना_जोडारी

राखणारे साहेब, खड्डा अजून खणू नका. टॉवर आणि ट्रान्समिशनच्या कामात माझी उमर गेली, आणि तुम्ही लिहिलंय तसं चित्र मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. पण खात्री करून बोलतो. एवढं बघून सांगा:

टॉवरचं अर्थिंग आणि क्लीन अर्थ यांच्या मध्ये मीटर लावलं तर किती ओहम दिसतात?

टॉवरवरून शेल्टरमध्ये येणारी प्रत्येक तार कुठून आत शिरते? फीडर, इथरनेट, दिव्याची केबल, सगळ्या. जमिनीपासून किती उंचीवर टॉवर सोडते, तेही.

आतला अरेस्टर कुठे बसवलाय आणि त्याची अर्थची तार किती लांब, किती जाड, कशी गेली आहे?

जळलेलं एखादं इथरनेट पोर्ट ठेवलं असेल तर उघडा. जाळीच्या पत्र्यापासून आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत काळी रेघ आहे का बघा.

रिपीटर_राखणारा

आज दिवसभर वरच होतो. एकेक सांगतो.

दोन्ही अर्थच्या मध्ये अर्थ टेस्टरवर ३.४ ओहम.

फीडर ४ मीटर उंचीवरून केबल ट्रेने शेल्टरच्या पुढच्या भिंतीत शिरतो. ग्राउंडिंग किट (केबलची शील्ड टॉवरला बांधणारा जोड) फक्त वर टोकाला आहे, खाली नाही. इथरनेटची केबल साधी, शील्ड नसलेली. एसीसाठी ठेवलेल्या भोकातून आत आली आहे. दिव्याची तीन कोअरची केबल टॉवरच्या मागच्या पायावरून उतरून मागच्या भिंतीतून थेट डीबीत जाते. तिच्यावर काहीही नाही.

अरेस्टर आतल्या भिंतीवर आहे. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तार, तीन मीटर तरी असेल. उरलेली तार तीन वेटोळी घालून टायने बांधली आहे. तिथून ती क्लीन अर्थच्या बसबारला (सगळ्या अर्थ तारा जिथे जोडतात त्या पट्टीला).

आणि हो, काळी रेघ आहे. पोर्टचा पत्रा एका कोपऱ्यात वितळून त्याचा मोहरीएवढा मणी झालाय. तिथून ट्रान्सफॉर्मरपर्यंत पाटीवर पेन्सिलीने ओढावी तशी रेघ, आणि ट्रान्सफॉर्मरचं काळं कवच मधोमध उभं फुटलंय. भिंगाखाली आतली तांब्याची तार उसवलेली दिसते.

जुना_जोडारी

मग तुमचा रोग तोच. सविस्तर लिहितो, कारण हे नीट समजलं तर पुढची सगळी कामं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

३.४ ओहम म्हणजे काय? १.४ अधिक २.१, जवळजवळ तेवढंच. म्हणजे तुमची दोन अर्थिंगं एकमेकांना फक्त मातीतून भेटतात. तांब्याने कुठेही जोडलेली नाहीत. सगळं दुखणं इथे आहे.

विजेच्या पहिल्या झटक्याचा प्रवाह साधारण ३० किलोअँपिअर धरतात. मोठ्या झटक्यासाठी आयईसी ६२३०५ या वीजसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात सगळ्यात कडक पातळीला २०० किलोअँपिअर धरले आहेत. आपण ३० च घेऊ. टॉवरचं अर्थिंग १.४ ओहम. गुणाकार करा: ४२,००० व्होल्ट. वीज पडली त्या क्षणी टॉवर आणि त्याच्या पायाची जमीन लांबच्या जमिनीच्या तुलनेत ४२,००० व्होल्टवर उचलली जाते. १५ मीटरवरचं क्लीन अर्थ जवळपास होतं तिथेच राहतं. इथरनेटची तार टॉवरच्या व्होल्टेजला चढलेली, रॅक क्लीन अर्थच्या व्होल्टेजला बसलेला, आणि दोघांच्या मध्ये तुमचं इथरनेट पोर्ट. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन १,५०० व्होल्टच्या चाचणीचं. ती काळी रेघ म्हणजे बाकीच्या चाळीस हजारांनी काढलेली वाट.

आता कंत्राटदाराचं ऐकून क्लीन अर्थ अर्ध्या ओहमवर आणलं तर? ते अर्थ जमिनीला आणखी घट्ट चिकटेल, टॉवर उचलला जाईलच, फरक तेवढाच राहील. उलट पोर्टातून वाहणारा प्रवाह वाढेल, कारण पलीकडे जायची वाट सोपी झाली. टॉवरचं अर्थिंग अर्ध्या ओहमवर आणलं तरी १५,००० व्होल्ट उरतात. ओहम कमी असणं चांगलंच, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही.

घराखालची सगळी जमीन सारखी खचली तर भिंतीला तडा जात नाही. एक कोपरा खचला की जातो. यंत्राचंही तसंच. शेल्टरमधली सगळी यंत्रं एकदम ४२,००० व्होल्टवर गेली आणि एकदम खाली आली, तर त्यांना काही होत नाही. एका यंत्राची दोन टोकं दोन वेगळ्या व्होल्टेजवर गेली की ते फुटतं. म्हणून आपलं काम वीज थोपवण्याचं नाही, तो फरक मारण्याचं आहे.

रिसीव्हर का वाचला? फीडरवर अरेस्टर आहे, आणि त्याची अर्थ, रिपीटरची अर्थ दोन्ही एकाच बसबारला. तिथे फरक कमी पडला. इथरनेट आणि दिव्याची केबल यांना तशी सोबत नव्हती. तिसऱ्या वेळचा डीबीतला काळा ब्रेकर माझ्या मते त्या दिव्याच्या केबलचाच. ४० मीटर उंचीवर टॉवरला चिकटून चाललेली उघडी तार, खाली थेट मेन्सच्या पेटीत. विजेला याहून सरळ रस्ता कुणी मुद्दाम करून दिला नसता. तिचा पाहुणचार चार्जरने दुसऱ्या वेळी घेतला असणार.

हे ध्यानात ठेवा: विजेला टॉवरवरून तुमच्या खड्ड्यातच जायचं असतं असं नाही. मेन्सची न्यूट्रल दूर कुठेतरी अर्थ झालेली आहे. तेही एक लांबचं अर्थच. टॉवर उचलला गेला की प्रवाह तुमच्या शेल्टरमध्ये शिरून मेन्सवाटे बाहेर पळतो. आणि वाटेत तुमची यंत्रं.

दुसरी गोष्ट, तार. वीज म्हणजे डीसी नव्हे. ३० किलोअँपिअर काही मायक्रोसेकंदांत चढतात, मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर धरा. सरळ तारेचं इंडक्टन्स (झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला तार करते तो अडथळा) मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. तुमच्या तीन मीटर हिरव्या तारेचा रोध ०.०२ ओहमच्या आसपास. तिच्यातून १ किलोअँपिअर गेला तर रोधामुळे पडतात २०-२२ व्होल्ट. पण तोच प्रवाह एका मायक्रोसेकंदात चढला तर इंडक्टन्समुळे पडतात ३,००० व्होल्ट, आणि वेटोळ्यांमुळे त्याहून जास्त. मल्टीमीटर त्या तारेला शंभरपैकी शंभर देईल. अरेस्टर मात्र तीन हजार व्होल्टच्या शिडीवर उभा असेल. ती वेटोळी आजच सोडा.

फीडर टॉवर सोडतो त्या ४ मीटर उंचीचंही असंच. चार पाय मिळून टॉवरचं इंडक्टन्स एका तारेपेक्षा कमी, समजा मीटरला अर्धा मायक्रोहेन्री. चार मीटरचे २ मायक्रोहेन्री. १० किलोअँपिअर प्रति मायक्रोसेकंदाला २०,००० व्होल्ट. केबल जितक्या उंचावर टॉवर सोडते तितकं व्होल्टेज ती सोबत घेऊन शेल्टरमध्ये येते. म्हणून केबल पार खाली आणून मग वळवायची, आणि वळणाच्या आधी शील्डला ग्राउंडिंग किट लावून टॉवरच्या तळाशी बांधायचं. ट्रे हलवणं शक्य नसेल तर किट तरी लावाच.

आता काय करायचं ते.

टॉवरभोवती तांब्याची रिंग, शेल्टरभोवती रिंग, भिंतीपासून साधारण १ मीटर लांब आणि अर्धा मीटर तरी खोल. दोन्ही रिंगा एकमेकींना दोन ठिकाणी जोडा. चारही पाय रिंगला. तुमचं ते क्लीन अर्थ काढून टाकू नका, रिंगला जोडून टाका. मेन्सचं अर्थही रिंगला. टॉवरच्या पायाच्या काँक्रीटमधलं लोखंड हाताला लागत असेल तर तेही जोडा. काँक्रीट ओल धरून ठेवतं. अमेरिकेत हर्बर्ट युफर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत दारूगोळ्याच्या कोठारांच्या पायातलं लोखंड अर्थिंग म्हणून वापरलं, आणि १९६० मध्ये पुन्हा मोजलं तेव्हाही ते २ ते ५ ओहममध्ये होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शेल्टरच्या भिंतीत एक खिडकी, तिथे एक जाड तांब्याची प्लेट. फीडर, इथरनेट, दिवा, मेन्स, सगळं त्याच एका प्लेटवरून आत जाणार. प्रत्येकाचा अरेस्टर त्या प्लेटवर थेट पत्र्याला पत्रा लावून बसवायचा, मध्ये तार नाही. प्लेटपासून रिंगपर्यंत रुंद पट्टी, सरळ खाली, जमेल तितकी आखूड. रॅकची अर्थ फक्त याच प्लेटवरून, दुसरीकडून कुठूनही नाही. मेन्सला टाइप १ चा एसपीडी (पुरवठ्याच्या तारेवरचा अरेस्टर) घ्या, जो १०/३५० मायक्रोसेकंदाच्या लाटेला तपासलेला असतो. टाइप २ हा ८/२० चा, टॉवर असलेल्या जागी तो एकटा पुरत नाही. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

आधी पैसे या प्लेटवर खर्च करा. खड्डे उरल्या पैशांत.

ओहम_वाचक

जोडारी साहेब, हिशेब पटतो, पण एक शंका जात नाही. आज टॉवर आणि रॅक वेगळे आहेत. तुम्ही त्यांना जाड तांब्याने जोडलंत तर टॉवरवरची वीज थेट रॅकवर आणून ठेवली असं होत नाही का? आम्हाला तर शिकवताना नेहमी वेगळं ठेवा असंच सांगितलं.

जुना_जोडारी

शंका रास्त आहे. मलाही कामाच्या सुरुवातीला वेगळं ठेवा असंच शिकवलं होतं. एका साइटवर मी दोन हंगाम क्लीन अर्थ सुधारत होतो आणि दर वेळी तिथलं मोडेम बदलत होतो. तिसऱ्या हंगामात एका वयस्क इंजिनिअरने एक पट्टी टाकायला लावली, मोडेम जळणं थांबलं, आणि तेव्हापासून मी हा हिशेब करायला शिकलो.

वेगळं ठेवणं फक्त तेव्हा चालेल जेव्हा टॉवर आणि रॅक यांच्यात एकही तार नसेल. इथे फीडर आहे, इथरनेट आहे, दिवा आहे. म्हणजे ते जोडलेले आहेतच. प्रश्न एवढाच की जोड कशाने झालाय: जाड पट्टीने की पोर्टातल्या केसाएवढ्या तारेने. पट्टी टाकली की रॅक टॉवरसोबत वर जातो हे खरं. पण रॅकमधून प्रवाह जायला दुसरं टोक लागतं. प्लेटवरून आत गेल्यावर रॅकला दुसरीकडे कुठेही अर्थ नसेल, मेन्सची वाट प्लेटवरच एसपीडीने बांधलेली असेल, तर प्रवाहाला रॅकमधून पलीकडे जायला जागाच नाही. तो बाहेरच्या बाहेर रिंगमध्ये जातो. शिवाय दोन अर्थिंगं एकत्र आली की १.४ आणि २.१ चे मिळून ०.८ च्या आसपास होतील. एकही खड्डा न खणता.

आणि हे कळकळीने सांगतो: मेन्सच्या प्लगची अर्थची पिन कापून यंत्र 'मोकळं' करण्याचे प्रकार मी पाहिलेत. तसं कधीही करू नका. विजेपासून यंत्र वाचेल की नाही माहीत नाही, पण साध्या इन्सुलेशनच्या बिघाडात कॅबिनेटला हात लावणारा माणूस जाईल.

ओहम_वाचक

आता कळलं. 'लांब न्या' हा माझा वरचा सल्ला कृपया कुणी वापरू नये.

इथरनेटऐवजी फायबर टाकलं तर तो रस्ताच बंद होईल ना?

जुना_जोडारी

डेटाचा होईल, वीजपुरवठ्याचा नाही. वरच्या रेडिओला ताकद तांब्यानेच जाणार, म्हणजे त्या जोडीला वर आणि खाली एसपीडी लागणारच. आणि फायबर घेताना आत धातूची ताणतार किंवा पत्र्याचं चिलखत नसलेलं घ्या. असेल तर ते प्लेटवर अर्थ करा.

उंचावरची

मी रिगर आहे, वरची कामं करते. जोडारी काका सांगतायत ते बरोबर आहे. मी फक्त वर चढल्यावर जे दिसतं ते सांगते, कारण कागदावर नीट असलेलं अर्थिंग ३० मीटरवर पुष्कळदा मेलेलं असतं.

उघडं तांबं गॅल्व्हनाइज्ड पायाला थेट लावू नका. तांब्यावरून निथळलेलं पाणीसुद्धा जस्त खातं. लगखाली (तारेच्या टोकाच्या जोडपट्टीखाली) पांढरी भुकटी, मग तिच्याखाली तांबूस गंजाचा ओघळ, आणि दोन वर्षांत सांधा हाताने हलतो. कथिलाचा मुलामा दिलेलं लग घ्या, स्टेनलेसचे नट-बोल्ट, मध्ये सांध्याची पेस्ट. टॉवरच्या पायाला भोक पाडू नका, क्लॅम्प वापरा. जमिनीखालचे सांधे एक्झोथर्मिक वेल्डिंगने (भुकटी पेटवून तिच्या उष्णतेने धातू वितळवून) करा. बोल्टचा सांधा मातीत गाडला की तो कधी सुटला ते कळतच नाही.

रंगावर क्लॅम्प बसवलेला तर कितीदा पाहिलाय. रंग खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे, आणि क्लॅम्प आवळल्यावर बाहेरून जस्ताचा रंग मारायचा.

फीडरच्या किटची तार नेहमी खालच्या दिशेने, मोठ्या वळणाने. वीस सेंटिमीटरपेक्षा लहान वळण नको, आणि वर जाऊन खाली आलेली तार तर नकोच. किटजवळ केबलचं बाहेरचं कवच कापताना शील्डवर ब्लेडचा ओरखडा उठला तर तिथेच पुढे पाणी शिरतं. मी ब्लेड अर्धंच खोल घालते आणि उरलेलं नखाने सोलते. वेळ लागतो, पण केबल वाचते. आधी ब्यूटिल, वर टेप, टेप खालून वर गुंडाळायची, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. वेणीची तार बाहेर वापरू नका, ती पाणी पिते आणि आतून हिरवी होते.

पीओई रेडिओसाठी शील्ड असलेली बाहेरची केबल, धातूचे आरजे-४५, आणि अरेस्टर दोन: एक वर रेडिओपाशी, एक खाली प्लेटवर. वरच्याचा पाय टॉवरला. फक्त खालचा लावला तर खालचा स्विच वाचतो आणि वरचा रेडिओ जातो. दिव्याची केबल लोखंडी पाइपात घाला आणि पाइप वर-खाली दोन्हीकडे टॉवरला बांधा. पण नुसती अर्थची तार कधी लोखंडी पाइपातून नेऊ नका. नेलीच तर पाइपची दोन्ही तोंडं तारेला जोडा, नाहीतर पाइप तिचा गळा धरतो.

रिंग झाल्यावर क्लॅम्प मीटरने मोजू नका, म्हणजे मोजा, पण विश्वास ठेवू नका. त्याला रिंगच्या तांब्याचा फेरा दिसतो, माती नाही.

रिपीटर_राखणारा

दोन महिने झाले, म्हणून कळवतो.

खड्डे खणले नाहीत. रिंगा टाकल्या, चारही पाय जोडले. पुढच्या भिंतीत खिडकी करून प्लेट बसवली, मेन्सची पेटी उचलून प्लेटच्या शेजारी आणली. मागच्या भिंतीतलं भोक बुजवलं. टॉवर आणि प्लेटच्या मध्ये आता मीटरवर ०.१ च्याही खाली. क्लॅम्प मीटरने रिंगवर ०.०६ दाखवलं तेव्हा आमचे कार्यकर्ते खूश झाले होते. उंचावरची ताईंचं लिखाण त्यांना वाचून दाखवलं आणि तीन खुंट्यांची पद्धत (जमिनीत खुंट्या ठोकून मातीसकट मोजण्याची) करायला बसवलं. प्रवाहाची खुंटी ६० मीटरवर, व्होल्टेजची ३७ वर. आकडा आला ०.९.

ताई, टॉवरच्या त्या एका पायाची जुनी पट्टी काढली तेव्हा लगखाली तुम्ही लिहिलीत तशीच पांढरी भुकटी होती. बोटाने ढकललं आणि लग निसटून हातात आलं. म्हणजे माझा १.४ ओहमचा खड्डा टॉवरला जेमतेम चिकटलेला होता, आणि मी तीन वर्षं खड्डाच मोजत होतो, सांधा नाही.

मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला मोठं वादळ झालं. वर राहणाऱ्या राखणदाराने टॉवरच्या टोकावर वीज पडलेली डोळ्यांनी पाहिली. लिंक गेली. रिपीटर चालू राहिला. मी खाली घरी वॉकीटॉकी लावून बसलो होतो, बटण दाबलं की रिपीटरची शेपटी (बटण सोडल्यावर क्षणभर चालू राहणारा त्याचा आवाज) ऐकू येत होती, पहाटेपर्यंत दर दहा मिनिटांनी दाबत होतो. सकाळी वर गेलो तर प्लेटवरचा इथरनेटचा अरेस्टर शॉर्ट झालेला. तो बदलला, लिंक आली. स्विच, कंट्रोलर, चार्जर सगळं शाबूत. वरचा रेडिओसुद्धा.

आता प्रश्न असा: फीडरवरच्या गॅस ट्यूबलाही झटका बसला असणार. ती चांगली आहे की गेली, हे मल्टीमीटरने कळेल का?

जुना_जोडारी

फार बरं वाटलं वाचून.

मल्टीमीटरने कळणार नाही. शॉर्ट झालेली तेवढी सापडेल. बाकी चांगली ट्यूब आणि मेलेली ट्यूब त्याला सारखीच उघडी दिसते. ट्यूब अरेस्टरमधून बाहेर काढा आणि इन्सुलेशन टेस्टरला लावा. ९० व्होल्टची ट्यूब २५० व्होल्टच्या पट्टीवर वाहू लागली पाहिजे. टेस्टर पूर्ण मेगओहम दाखवत राहिला तर ती आता पेटत नाही, फेकून द्या. फीडरला लावलेल्या अवस्थेत ही चाचणी करू नका, पलीकडे तुमचा रिसीव्हर आहे. आणि थेट टॉवरवर वीज पडलेली पाहिली असेल तर मी तपासत बसणार नाही, ट्यूब बदलूनच टाकीन. दोन जास्तीच्या शेल्टरमध्ये ठेवा.

अरेस्टरच्या मागे प्लेटवर आणि लगखाली गंज नाही ना, तेही त्याच खेपेत बघा. आणि आकाश गडगडत असेल तर चढू नका, प्लेटलाही हात लावू नका. रिपीटर चालू असला तरी.

रिपीटर_राखणारा

ट्यूब मागवल्या. रविवारी आकाश मोकळं असेल तर ३२ मीटरवरचा अरेस्टर आणि टोकाचं किट दोन्ही उघडून बघतो, फोटो इथेच टाकतो.